वामनराव आणि आठाची खोली

वामनराव कुरणकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या टांग्याचा नंबर वाचत होते. कोपरगाव स्टेशनावरून आम्ही साखर कारखान्याच्या वसाहतीत येऊन पोचलो होतो. माझं नुकतंच लग्न झालेलं, अंगावर धुळीचा थर, मांडीवर देवांची पेटी. समोर काळी टोपी घातलेले, कानावर पेन्सिल खोचलेले एक किडकिडीत गृहस्थ आले. आमच्याकडे न बघता सरळ टांग्याच्या मागं गेले, पत्र्यावरचा आकडा पुटपुटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं आणि मग तोंडभर हसून म्हणाले, "या, या! चांगल्या पायानं आलात." पाय आमचे नव्हते, टांग्याचे होते, हे मला नंतर कळलं.

कारखान्याचं नाव मी सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना अभिमानानं सांगावं असं या हकिगतीत काही नाही. लढाई चालू होती, साखरेवर कंट्रोल होता, आणि साखर कारखान्यात राहून आम्ही पाहुण्यांना गुळाचा चहा देत होतो. कामगार आणि कारकून मंडळींसाठी बैठ्या चाळी होत्या. त्यातली कुठली खोली कुणाला द्यायची हे ठरवण्याचं काम वामनरावांकडं. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे आणि त्याच्या आवाजावरून ते कुठल्या चाळीत आहेत हे बायकांना घरात बसून कळे.

आमचे हे प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागले होते. त्यांनी आल्याआल्या सांगितलं, "बावीस नंबर रिकामी आहे असं ऐकतो. मला कामाला जवळ पडेल."

"जवळ पडेल, पण मानवणार नाही," वामनराव म्हणाले. "जन्मतारीख काय आपली?"

यांनी हसत हसत सांगितली. पुन्हा पेरांवरून अंगठा फिरला. "बघा, मी म्हटलंच. बावीस म्हणजे दोन आणि दोन चार. चार म्हणजे राहू. नव्या जोडप्याला राहूच्या घरात घालू? उद्या तुमच्या मातोश्री मला जाब विचारतील. पंधरा घ्या. एक आणि पाच सहा. शुक्राचं घर. सूनबाईंना विचारा हवं तर."

सूनबाईंना, म्हणजे मला, त्या क्षणी फक्त एक मोरी आणि दाराला कडी हवी होती. मी मान हलवली.

"अहो, मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस," हे म्हणाले.

"मग तुम्हाला तर सांगायलाच नको. दोन पदार्थ जमतात, दोन जमत नाहीत. तुम्हाला ते नळीत घातल्यावर कळतं. मी नळीत घालायच्या आधी सांगतो, एवढाच फरक."

यावर आमच्या ह्यांनी ट्रंक उचलली, आणि आम्ही पंधरा नंबरात राहायला गेलो. खोली चांगली होती, हेही सांगायला हवं.

ही विद्या त्यांना एका इंग्रजी पुस्तकातून मिळाली होती. नगरच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी एक टेबल घेतलं, आणि त्याच्या खणात ते पुस्तक निघालं. पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती. त्यामुळं ते लिहिलं कुणी हे वामनरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात त्यांनी आपले नवग्रह बसवले, थोडं आपल्या आजोबांकडून ऐकलेलं घातलं आणि स्वतःचं एक शास्त्र उभं केलं. "घर दोन प्रकारचं असतं," ते सांगत. "चालतं घर आणि बसलेलं घर. चालत्या घरात दूध उतू जात नाही, मूल किरकिर करत नाही, आलेला माणूस दोन घोट पाणी जास्त पितो. बसलेल्या घरात सगळं असून काही नसतं. माणसाचा आकडा आणि घराचा आकडा जुळला की घर चालायला लागतं."

आणि जुळत नसला तर? तर त्यांच्या खिशात निळ्या खडूचा तुकडा असे. दाराच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही असा, ते एक बारीक आकडा काढून देत. बावीसला आतून दोन जोडला की चोवीस, चोवीसचे सहा. याला ते 'जोड देणं' म्हणत. दिवाळीत चाळीला चुना लागला की जोड पुसले जात, आणि मग दोन दिवस वामनराव खडू घेऊन दारोदार फिरत. पैसा कधी घेतला नाही. कुणी नारळ पुढं केला तर म्हणत, "फोडा आणि पोरांना वाटा." माणूस मनाचा खरोखर चांगला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते सांगायची वेळ राहणार नाही.

घरी त्यांची बायको, राधाकाकू. त्यांचा या शास्त्रावर विश्वास होता की नव्हता हे मला कळायला बरीच वर्षं लागली. त्या कुरकुरत एवढंच, "दोन भाकरीत पोट भरतं यांचं. पण दोन म्हणजे चंद्र, चंचल. म्हणून तिसरी खायची. आणि मग रात्री ओवा मी द्यायचा." पोटाचं काही असो, चाळीत मात्र वामनरावांचा दबदबा होता. तुकाराम मिस्त्री आणि त्याची बायको यांची भांडणं कारखान्यात ऊस पडतो त्या गव्हाणीपर्यंत ऐकू जात. वामनरावांनी त्यांना नऊ नंबरातून काढून तेहतीस नंबरात घातलं. "नऊ म्हणजे मंगळ, मग भांडी आपटणारच." भांडणं खरंच थांबली. आता तेहतीस नंबरच्या दाराशीच पाण्याचा नळ होता, आणि मिस्त्रिणीचं निम्मं भांडण पाणी लांबून आणण्यावरूनच असे. पण हे मी एकदा बोलून दाखवलं तर खुद्द मिस्त्रीण मला म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं, वैनी. आकडा लई जोरदार हाय."

रविवारी ख्रिस्ती कामगारांची प्रार्थना घ्यायला एक उपदेशक सायकलवरून येत. त्यांना हे पसंत नव्हतं. ते एकदा वामनरावांना म्हणाले, "कुरणकर, देवानं सहा दिवसांत सगळं उरकलं, पण खोल्यांना नंबर नाही दिले."

"सहा म्हणालात ना?" वामनराव म्हणाले. "मग नंबर आलाच की!" उपदेशकही हसले. त्या काळात वामनरावांवर कुणाला रागावताच येत नसे.

आता आठाचं सांगते. त्यांच्या शास्त्रात सगळ्या आकड्यांवर उपाय होता, आठावर नव्हता. आठ म्हणजे शनी. "आठाला जोड लागत नाही," हे त्यांचं वाक्य चाळीतल्या पोरासोरांना पाठ होतं. त्यामुळं आठाच्या खोल्यांची त्यांनी युक्तीनं विल्हेवाट लावली होती. आठ नंबरात रिकामी पोती ठेवली. सतरात पहारेकरी ठेवले, कारण शनी जागतो आणि पहारेकऱ्यांनीही जागायला हवं. सव्वीसात सड्या लोकांची खाणावळ. पस्तीस नंबर दवाखान्यातल्या विधुर कंपाउंडरनं स्वतः मागून घेतला, म्हणाला, "माझं आता काय बिघडायचं राहिलंय?" उरली चव्वेचाळीस. शेवटच्या चाळीची शेवटची खोली. तिथं आधी राहणारा एक बॉयलरवाला वाफेनं भाजून गेला होता, आणि त्याच्यामागून आलेल्या कुटुंबातली सासू वर्षाच्या आत वारली. सासू सत्तरीच्या पुढची होती, पण ते कोण बघतो? वामनरावांनी त्या खोलीला कुलूप घातलं. वरच्या साहेबांनी विचारलं की दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगत. खोट्याचं त्यांना वावडं होतं, पण हे खोटं त्यांना पुण्यासारखं वाटत असे.

त्या वर्षी हंगाम जोरात होता आणि एकही खोली शिल्लक नव्हती. मार्गशीर्षात शामुवेल आला. जामखेडकडचा, ख्रिस्ती, बॉयलरवर कोळसा मारायच्या कामावर लागलेला. बरोबर बायको सारा, दिवस भरत आलेली. तिकडं पाऊस झाला नव्हता, पिकाचं काही उरलं नव्हतं, म्हणून दोघं गाठोडं घेऊन आली होती. मी तेव्हा काकूंकडं गहू निवडायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांदेखत झालं.

"खोली पायजे, साहेब," शामुवेल अंगणात उभा राहून म्हणाला. "टाइमाफिसात सांगितलं, किल्ली तुमच्याकडं हाय."

"जन्मतारीख?"

"जन्माची न्हाई ठाव. बाप्तिस्म्याची हाय." त्यानं सांगितली.

वामनरावांनी पेरं मोजली. मग त्यांची नजर साराकडं गेली आणि चेहरा उतरला. "चव्वेचाळीसच मोकळी आहे रे. आणि ती मी तुला देणार नाही."

"का वो, साहेब? मोडकी हाय का?"

"आठाची आहे. बाळंतपण आठाच्या घरात? माझ्या हातून ते व्हायचं नाही. चोवीसमधला फिटर बदलून चाललाय. दहा-पंधरा दिवसांत ती खोली तुझी. सहाची आहे, लेकराच्या पायगुणानं चालेल बघ. तोवर तुझ्यासाठी चांगली कोपी घालून देतो."

शामुवेलला काही कळलं नाही, पण एवढा मोठा कारकून आपल्या बायकोची काळजी करतोय एवढं कळलं, आणि तो गहिवरला. उसाच्या गाड्या सुटत त्या मोकळ्या जागेच्या कडेला उसाच्या वाळक्या पाल्याची, पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, उभी राहिली. वामनरावांनी स्वतः उभं राहून ती घालून घेतली. पाचट दुप्पट लावायला सांगितलं. दाराचं तोंड त्यांनी आकड्याप्रमाणं फिरवून घेतलं, ते उत्तरेकडं आलं. काकूंनी आपली एक गोधडी दिली. सगळं कसं मायेनं झालं.

फिटर बदलून गेला नाही. हंगाम भरात असताना त्याला सोडायला वरचे तयार नव्हते. दहाचे वीस दिवस झाले. मी आणि काकू एकदा ताक घेऊन कोपीवर गेलो. सारा बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिनं ताक घेतलं, आम्हाला बसायला पोतं दिलं आणि थोड्या वेळानं चाळीकडं बोट करून विचारलं, "बाई, ती कडंची खोली कुनाची हाय?"

"कुणाची नाही," काकू म्हणाल्या.

"मग कुलूप का हाय?"

काकूंनी ताकाचं भांडं उचललं आणि उठल्या. घराशी आल्यावर म्हणाल्या, "मी यांना सांगितलं होतं गं. परवाच सांगितलं. तर म्हणाले, तिला काही झालं तर तू जबाबदार राहशील का? मग मी काय बोलणार?"

पौषात थंडी पडली. नगर जिल्ह्यातली थंडी ज्यांनी उघड्या माळावर काढली आहे त्यांनाच कळेल. सकाळी कालव्याच्या पाण्यावरून वाफा निघत आणि बैलांच्या पाठीवर दव गोठल्यासारखं दिसे. त्यातच सारा कोपीत बाळंत झाली. मुलगा झाला. सुईण सांगत आली, "प्वार नाजूक हाय, ऊब पायजे." उत्तरेकडचं दार. पाचट कितीही दाट लावलं तरी वारा आत यायचा तो यायचाच.

इथं थांबून मला एक बोललं पाहिजे. चाळीत आमची सगळी मिळून चांगली चाळीसेक दारं होती. त्यातलं एकही दार उघडून कुणी म्हणालं नाही की बाळंतिणीला आत आणा. बाळंतपण, त्यात ख्रिस्ती, त्यात मूळची कोण हे सगळ्यांना माहीत. आम्ही सगळ्यांनी मिळून शेगडी, निखारे, बाळंतशेपा, जुनी लुगडी पाठवली. दार सोडून सगळं पाठवलं. तेव्हा याची लाज वाटली नव्हती. आता वाटते, आणि आता वाटून कुणाला ऊब येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांना राहवलं नाही. ते कोपीवर निघाले, हातात चव्वेचाळीसची किल्ली. मी आणि काकू मागोमाग गेलो, कारण काकूंनी बाळंतिणीसाठी मऊ भाताचं खिमट नेलं होतं. कोपीबाहेर शामुवेल आणि त्याच्या पाळीवरचे चार-दोन कामगार शेकोटीशी बसले होते.

"शामुवेल, उठ," वामनराव म्हणाले. "बाळबाळंतिणीला उचला आणि चव्वेचाळीसमध्ये चला. मी खोली झाडून घेतलीय."

शामुवेल उठला, पण पुढं सरला नाही. "चव्वेचाळीस? ती आठाची, साहेब."

"मी जोड दिलाय आतून. सात घातले. एक्कावन्न झाले, त्याचे सहा."

शामुवेलनं इतरांकडं पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाला, "आठाला जोड लागत न्हाई, साहेब. तुमीच सांगितलं."

मी वामनरावांकडं पाहत होते. 'मी सांगितलं ते चुकीचं होतं' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हणाले असते तर शामुवेलनं कदाचित ऐकलं असतं, कारण त्यांचा शब्द म्हणजे त्याला वेदवाक्य होतं. पण त्यांचा अंगठा पेरांकडं गेला. सवयीनं गेला असेल. "आजचा दिवस चांगला आहे," ते म्हणाले. "आजच्या दिवसापुरतं आठ चालतं."

"आज सतरा तारीख, साहेब." शामुवेल आपल्या बोटांवर मोजत होता. एवढ्या दिवसांत त्यालाही विद्या आली होती. "एक आन् सात. आठच झालं की वो. आठात आठ."

"खरं हाय," शेकोटीवरचा एकजण म्हणाला. "येवढी थंडी काढली, आता दोन-चार दिवसांकरता त्या खोलीत नको."

आतून साराचा बारीक आवाज आला. "काय म्हनत्यात साहेब?"

"काय न्हाई," शामुवेल म्हणाला. "तू नीज."

वामनराव किल्ली हातात घेऊन उभे होते. चाळीस वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा झाला होता. काकू पुढं झाल्या आणि तडक म्हणाल्या, "अरे, काही होत नाही आठबीठ! चला उचला तिला!" पण बाईमाणसाचं कोण ऐकतो, तेही नवरा समोर गप्प उभा असताना? शामुवेलनं वामनरावांकडं पाहिलं. वामनरावांनी खाली पाहिलं. आणि ते खाली पाहणं त्यानं होकार समजून घेतलं, की नकोच जायला.

मूल दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलं. कंपाउंडर म्हणाला, "थंडीनं." उपदेशक सायकलवरून आले, कालव्यापलीकडं त्यांच्या लोकांच्या जागेत छोटासा खड्डा खणला गेला. वामनराव लांब बाभळीपाशी उभे राहिले. जवळ गेले नाहीत आणि परतलेही नाहीत. उपदेशक जाताना त्यांच्यापाशी सायकल घेऊन थोडे थांबले आणि पुढं गेले.

मला वाटलं होतं, शामुवेल आता येऊन त्यांचा गळा धरेल. खरं सांगायचं तर वामनरावांनाही तेच वाटत असावं, आणि त्याची ते वाट पाहत असावेत. आठवड्याभरानं तो आला. अंगणात उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमचे उपकार हायेत. प्वार गेलं, देवाची मर्जी. पर बायकू वाचली. त्या खोलीत गेलो आसतो तर दोघं बी गेली आसती. तुमी जाऊ दिलं न्हाई."

वामनराव घरात गेले. देवापुढं गेले की काय म्हणून काकू आत डोकावल्या, तर ते कोनाड्याकडं तोंड करून उभे होते आणि कानांवर हात दाबून धरले होते.

त्यानंतरचे वामनराव वेगळे होते. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी साहेबांपुढं नेऊन ठेवला आणि म्हणाले, "हे काम मला नको." त्यांना बागखात्यात बसवलं. मग त्यांनी स्वतःसाठी चव्वेचाळीस मागून घेतली आणि काकूंना घेऊन तिथं राहायला गेले. चाळीला वाटलं, वामनरावांनी शनीला आव्हान दिलं. त्यांचा दबदबा उलट वाढला. लोक येत, विचारत. ते म्हणत, "मला त्यातलं काही येत नाही. सगळं खोटं आहे." लोक बाहेर येऊन एकमेकांना सांगत की साहेबांनी विद्या बंद केली, मौन धरलंय, फार मोठा माणूस आहे. खरं बोलायची वेळ होती तेव्हा ते बोलले नाहीत, आणि आता बोलत होते तर कुणी खरं मानेना.

काकूंना मी भीत भीत विचारलं, "खोली कशी आहे हो?"

त्या तांदळातले खडे वेचत होत्या. "चांगली आहे गं," त्या म्हणाल्या. "फार चांगली आहे. पूर्वेला खिडकी आहे. सकाळी ऊन थेट अर्ध्या खोलीत येतं. माझा एवढ्या वर्षांचा खोकला गेला." आणि रडू लागल्या. मी आयुष्यात पुष्कळ रडणं पाहिलंय, पण दुखणं बरं झालं म्हणून लाजेनं रडणारी बाई ती एकच.

वामनराव त्या खोलीत काहीतरी होण्याची वाट पाहत होते, असं मला वाटतं. काही झालं नाही. पाय मुरगळला नाही की दूध नासलं नाही. ते घर चांगलं चालत होतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. भाकरी ते आता दोनच खात. रस्त्यानं जाताना गाड्यांचे नंबर दिसू नयेत म्हणून जमिनीकडं बघत चालत. मुलं त्यांना चिडवायला "साहेब, तेवीस म्हंजे किती?" असं ओरडत, तर ते खरंच घाबरून बाजूच्या गल्लीत शिरत. चांगल्या माणसाला लाज वाटली की ती निघत नाही. निलाजऱ्यांची बरी असते, दुपारी वाटते, संध्याकाळी जाते.

शामुवेल त्या हंगामानंतर दुसऱ्या कारखान्यावर गेला. आमची आणि त्याची गाठ पुन्हा पडली ती स्वराज्य आल्यावर, कोपरगावच्या आठवड्याच्या बाजारात. वामनराव, काकू आणि मी भाजी घेत होतो. उन्हाळ्याचे दिवस, गोदावरीच्या बाजूनं येणारा वारासुद्धा भाजत होता. गर्दीतून "सलाम, साहेब!" अशी हाक आली. शामुवेलच. थोडा भरला होता, डोक्याला नवा पटका. मागं सारा, डोक्यावर पाटी आणि बोटाला धरलेली तीनेक वर्षांची मुलगी.

वामनराव आता निसटतात की काय असं मला वाटलं, पण जागा नव्हती. एका बाजूला वांग्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला बैलगाडी.

"बरं झालं गाठ पडली," शामुवेल म्हणाला. "घर बांधतोय, साहेब. दोन खनाचं. पंचायतीत दोन नंबर मोकळे हायेत, म्हनले कोन्चा बी घ्या. मी म्हनलं, आमचे साहेब सांगतील तोच घीन. तुमी सांगितल्याबिगर चौकट बसवायची न्हाई."

"मला ते येत नाही, शामुवेल," वामनराव म्हणाले.

"आसं नका म्हनू. ही माझी बायकू दिसतीया न्हवं हितं उभी? ती तुमच्या विद्येनं हाय."

वामनरावांनी त्या दिवसानंतर पहिल्यांदा साराकडं पाहिलं. तिनं पाटी खाली उतरवली. पदर सारखा केला. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "आमाला तवा ती खोली पायजे हुती."

"अगं, काय बोलतीस!" शामुवेल दचकला. "साहेबांनी आपल्या भल्यासाठीच…"

"बोलू दे तिला," वामनराव म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बाई, आणखी बोला. काय असेल ते बोला."

"आनखी काय आसनार?" सारा म्हणाली. "लई थंडी हुती. आन् खोली मोकळी हुती."

"हो," वामनराव म्हणाले. "मोकळी होती. मी चुकलो."

सारानं ऐकलं, मान हलवली नाही, माफ केलं असंही काही केलं नाही. पाटी डोक्यावर घेतली, मुलीचं बोट धरलं आणि गर्दीत चालू लागली. शामुवेल एकदा इकडं, एकदा तिकडं बघून नंबर न घेताच तिच्यामागं गेला.

वामनराव टोपी हातात धरून भर उन्हात तिथंच उभे राहिले. लोक त्यांना धक्का देऊन पुढं जात होते. मी त्यांना सावलीत बोलावणार होते, पण काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "उभं राहू दे त्यांना."